शामूची चांदणी

नव्या सुनेनं फार कामसू असू नये, असं कुणीतरी शहाण्यानं लिहून ठेवायला हवं होतं. नीलमनं ते वाचलं असतं आणि तेवीस डिसेंबरच्या सकाळी तिच्यावर ही वेळ आली नसती.

काम तसं साधंच होतं. तिची सासू जयाबाई गेली तीस वर्षं विड्या वळत होती. रविवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बेळगावला निघताना जयाबाईंनी पायरीवरून मागं वळून सांगितलं, "चुलीपाशी पानाचा पुडा हाय बघ. त्यो भिजव आणि मंगलला दे. आठ दिवस तसाच पडला तर कुस्कर हुईल त्येचा." मग त्या आपल्या मुलाचा, म्हणजे नीलमच्या नवऱ्याचा, सौरवचा हात धरून रिक्षात बसल्या. जाताना घराची किल्ली त्यांनी स्वतःच्या कमरेची सोडून नीलमच्या हातात दिली. लग्नाला दहा महिने झाले होते आणि ही किल्ली तिच्या हातात पहिल्यांदाच येत होती.

विडीचं पान म्हणजे टेंभुर्णीचं पान. ते येतं कडक वाळलेलं. त्याच्यावर पाणी मारायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, वर जड काहीतरी ठेवायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी ते कापडासारखं मऊ होतं, मग कात्रीनं कापून त्याची विडी वळता येते. नीलम बोरगावच्या ऊसवाल्या शेतकरी घरातली. विडी काय, विडीचं पानही तिनं लग्नाआधी हातात धरलं नव्हतं. पण बघून बघून एवढं तिला आलं होतं, आणि आपल्याला आलंय हे सासूला दाखवायची तिला घाई होती.

सोमवारी संध्याकाळी तिनं चुलीपाशीचा पुडा भिजवला. मग सहज माळ्यावर नजर गेली, तर तिथं नाताळच्या पत्र्याच्या डब्यामागं आणखी एक पुडा. छोटा, पण नीट गोणपाटात बांधलेला. हा का ठेवायचा वाळत? एका पाण्यात दोन्ही होतील, आत्ती खूश होतील. सासूला ती आत्ती म्हणायची. तिनं तोही काढला, न सोडता तसाच पाण्यात बुडवला आणि दोन्हींवर मिळून दगडी वरवंटा ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो असा.

सकाळी शेजारच्या मंगलला द्यायचा पुडा झकास मुरला होता. दुसरा सोडला तर आतून काळं पाणी आलं. पानांच्या थरात तंबाखूची भुकटी भरलेली होती, तिचा चिखल झाला होता. विडीच्या पानात भुकटी कशाला घालतील, असं म्हणत तिनं थर उलगडले. मधोमध काहीतरी चेपून बसलं होतं. करंगळीएवढ्या पाच नळ्या, पानाच्याच, आत रिकाम्या, मध्यभागी लाल दोऱ्यानं आवळलेल्या. तिनं ते उचललं तर एक नळी हातातच निसटून आली. पान लगद्यासारखं झालं होतं. लाल दोऱ्याचा रंग तिच्या बोटांना लागला.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

ही शामूची चांदणी होती.

शामू म्हणजे सौरवचा थोरला भाऊ. नीलमनं त्याला पाहिलं नव्हतं, सौरवलाही तो धड आठवत नव्हता. हे लोक तेव्हा संकेश्वरला राहायचे. शामू नऊ वर्षांचा आणि सौरव तीनचा असताना शामू तापात गेला. नाताळ झाला आणि जानेवारीत गेला. त्या नाताळात आईशेजारी बसून, तिच्या कात्रणातली पानं घेऊन त्यानं एक चांदणी केली होती. जयाबाईंचं घराणं ख्रिस्ती. पण बाजारातले चमकीचे गोळे आणायची ऐपत नव्हती, म्हणून त्या घरात झाडावर लावायचं सगळं विडीच्या पानाचं आणि दोऱ्याचं असायचं. दरवर्षी एक नवीन. सौरव दहावी पास झाला त्या वर्षी घंटा, पुराच्या वर्षी मासा, सौरवचे वडील वारले त्या वर्षी त्यांचा छोटा टेम्पो. हे सगळं त्या पत्र्याच्या डब्यात. डब्यातली एकेक वस्तू म्हणजे एकेक वर्ष होतं. चांदणी मात्र डब्यात नसायची. ती कुठं असते हे जयाबाई कुणाला सांगत नसत, हे सौरवनं तिला लग्नानंतर एकदा हसत हसत सांगितलं होतं. आता नीलमला ती कुठं असते ते कळलं होतं. तंबाखूच्या वासानं कीड लागत नाही, म्हणून भुकटीत ठेवलेली.

नेमका त्याच वेळी सौरवचा फोन आला.

"आई बरी हाय. पण डोळ्याला सूज आलीय, डॉक्टर म्हणतात पट्टी अजून तीन दिवस ऱ्हाऊ दे. उद्या दुपारपतोर येतोय आम्ही. दुसऱ्या डोळ्यानं तिला काय दिसतंय, सगळं धुरकट. ऐक, आई काय म्हणती बघ, डबा खाली काढून पूस. माळ्यावर एक पुडा हाय, त्येला हात लावू नगंस. त्यो तीच काढणार. शामूदादाची चांदणी हाय त्यात. मलाबी हात लावू देत न्हाय, तुला काय सांगू!"

खरं बोलायची संधी इतकी समोर चालून यावी आणि माणसानं ती सोडावी, यासारखं दुर्दैव नाही. नीलमनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते एवढंच, "बरं."

कुणी म्हणेल, पानाची चांदणी ती, एवढं काय? पण त्या घरात शामूचं दुसरं काहीच नव्हतं. एक फोटो होता शाळेतला, पन्नास पोरांचा, त्यात तिसऱ्या रांगेत एक अर्धवट चेहरा. बाकी दप्तर, कपडे सगळं संकेश्वरहून येताना कुठंकुठं गेलं. पोराच्या हाताचं असं एवढंच उरलं होतं, आणि ते नीलमनं वरवंट्याखाली घातलं होतं.

आणि हेही होतं की नीलमचा या घरातला पाय अजून अधांतरीच होता. लग्न रजिस्टर केलेलं. तिचे वडील मारुतीराव अजून या उंबऱ्याला शिवले नव्हते. जयाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुजा देव तू कर, माजा मी करतो. दोघं भांडत न्हाईत, आपन कशाला भांडायचं?" देवाधर्मावरून त्या बाईनं एक शब्द काढला नाही. पण नीलम डावखुरी होती, आणि तिथं काहीतरी बिनसलं होतं. पहिल्याच आठवड्यात नीलम डाव्या हातानं भाकरी थापत असताना जयाबाई समोर बसल्या होत्या. त्या हाताकडं बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि अचानक उठून बाहेर गेल्या. तेव्हापासून नीलम भाकरीला बसली की त्या चुलीपुढं थांबत नसत. नीलमच्या आजीनं लहानपणी त्याच हातावर लाकडी पळी मारली होती, त्यामुळं तिला समजायचं ते समजलं. तोंडानं बोलत नाहीत, पण डावा हात आत्तींना खपत नाही.

आता या सगळ्यावर ही चांदणी.

नीलम स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा तिनं सौरवनं मागं पाठवलेला गेल्या नाताळचा फोटो शोधला. सुरूची फांदी, तिच्यावर सगळं लावलेलं, आणि वरच्या टोकाला ती चांदणी. तिनं तेवढा भाग मोठा करून छापला. मोठा केला तसा तो धुरळा झाला. पाच नळ्या दिसत होत्या, लाल ठिपका दिसत होता, बास. गिऱ्हाईक आधार कार्डाच्या दोन प्रती मागत होतं आणि तिनं त्याला एकीकडून कोऱ्या अशा चार दिल्या. मालक म्हणाला, "नीलमताई, तब्येत बरी हाय न्हवं?" ती म्हणाली, डोकं दुखतंय, आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली.

मंगल शेजारच्या खोलीत राहायची. आठ वर्षं ती आणि जयाबाई एकाच दारात सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. नीलमनं भिजवलेला पुडा तिच्यापुढं ठेवला आणि त्या पुड्यावरच रडायला सुरुवात केली. मंगलनं सगळं ऐकून घेतलं. हातातली विडी पुरी केली, तिचं तोंड दुमडलं, दोरा बांधला, मगच बोलली.

"खरं सांगून टाक."

"न्हाय हुणार माज्यानं, आक्का."

"मग दुसरी कर. सांग न्हायतर कर. दोन्ही न करता रडत बसू नगंस."

"तुमीच करून द्या की. तुमचा हात बसलेला हाय."

मंगल हसली. "म्हणून तर न्हाय करणार. अगं, विडी हाफिसात शंभर बायांची विडी एका ढिगात टाक, चेकर उचलून सांगतोय ही जयाबाईची, ही मंगलची. दोऱ्याची आवळ असती एकेकीची. आणि जयाबाई तर काय, माजी विडी अंधारात वळकंल. डोळं न्हाईत म्हणून सुटशील असं समजू नगंस. डोळ्यापरास त्या बाईची बोटं वाईट हाईत. तुजा हात तेवढा तिला ठाऊक न्हाय. आणि पोराचं काम ते, जरा वाकडंतिकडंच असणार. तूच कर."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच भयंकर होतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला एखादवेळ फसवता येईल. बोटांनी बघणाऱ्याला कसं फसवायचं?

मंगलनं शिकवलं. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कापायचं, शिरा वर घ्यायच्या नाहीत. बोटांच्या पेरात धरून गुंडाळायचं, तंबाखूशिवाय गुंडाळलं की नळी बसते, म्हणून आत काडी घालायची आणि मग ती ओढून घ्यायची. तोंडं दुमडून नखानं आत दाबायची. नीलमच्या पहिल्या नळ्या म्हणजे नळ्या कसल्या, पावसात सापडलेल्या छत्र्या होत्या. पण संध्याकाळपर्यंत बऱ्या पाच नळ्या जमल्या. त्या एकावर एक रचून मध्यभागी दोरा घातला, सात वेढे घेतले आणि ती चांदणी तिनं मंगलपुढं धरली.

मंगलनं अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"उलटा पीळ पडलाय गं."

"म्हंजी?"

"म्हंजी काय, डावरी न्हवं का तू! सगळ्या बाया दोरा असा वर चढवतात, तुजा असा खाली उतरतोय. अंगठा फिरवला की नखाला अडतोय बघ. मूळची कशी हुती?"

नीलमनं ओल्या फडक्यात जपून ठेवलेला तो लगदा उघडला. नळ्या गेल्या होत्या, पण मधल्या दोऱ्याचे वेढे अजून एकमेकांना धरून होते. वर चढत गेलेले. सगळ्या बायांसारखे.

मग सुरू झाला उजव्या हाताचा छळ. आयुष्यभर ज्या हातानं धड केर काढला नाही, त्या हातानं ती दोरा आवळायला बसली. दोरा सुटायचा. आवळला तर नळ्या चुरगळायच्या, सैल सोडला तर चांदणीचे हातपाय लोंबकळायचे. दोऱ्यानं बोट कापलं. मंगल स्वयंपाकाला गेली, तिचा स्वयंपाक झाला, जेवणं झाली, आणि नीलमच्या पुढ्यात मोडलेल्या नळ्यांचा ढीग झाला. बुधवारी सकाळी उठल्या उठल्या पुन्हा बसली. अकरा वाजता सौरवचा मेसेज आला, बेळगाव सोडलं, जेवायला थांबत नाही. तिच्या पाचावर धारण बसली.

तिच्याजवळ शेवटच्या चांगल्या पाच नळ्या उरल्या होत्या. उजव्या हातानं त्याही गेल्या तर दाखवायलासुद्धा काही राहणार नव्हतं. तिनं डोळे मिटले, तिचा देव आणि जयाबाईंचा देव, दोघांनाही एकदम हाक मारली, आणि डाव्या हातानं सात वेढे घेतले. वेढे घट्ट बसले, सुंदर बसले आणि सगळेच्या सगळे उलटे बसले. मंगलकडून मूठभर तंबाखूची भुकटी आणून तिनं ती चांदणी कोरड्या पानांच्या थरात ठेवली, गोणपाट बांधला आणि माळ्यावर होता तिथं ठेवून दिला. खाली उतरताना तिला वाटलं, आपण चोरीचा माल लपवतोय.

दीड वाजता रिक्षा दारात थांबली.

जयाबाईंच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्यानं त्या नीलमच्या दिशेनं बघत होत्या, नीलमकडं नव्हे. हात पुढं करून त्यांनी तिचा दंड चाचपला. "वाळलीस गं तीन दिसांत. जेवली न्हाईस व्हय?" चोराच्या मनात चांदणं. नीलमला वाटलं यांना कळलंय. "जेवले की," असं म्हणून ती पाणी आणायला आत पळाली.

संध्याकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासना होती, त्याआधी झाड सजवायचं. सौरवनं सुरूची फांदी आणली होती, ती बादलीत विटा घालून उभी केली. जयाबाई चटईवर बसल्या. नीलम डब्यातून एकेक वस्तू काढून त्यांच्या तळहातावर ठेवायची, त्या बोटं फिरवायच्या आणि सांगायच्या. अंगठा एकदा फिरला की पुरे.

"घंटा. सौरव धावीला पास झाला तवाची. गणितात काठावर हुता, म्हणून घंटा बारकी केली."

सौरव म्हणाला, "आई, दरवर्षी कशाला काढतीस ते?"

"ह्यो मासा. पुराच्या वर्साचा. दूधगंगेचं पाणी किती गावांत शिरलं, आनी आपल्या देवळात लोकं झोपायला आलती. ह्याचं शेपूट मंगलनं केलंय. बघ कसं ढिलं हाय." बोट शेपटावर ठेवून त्या खुदकन हसल्या. नीलमच्या अंगावर काटा आला. माशाचं शेपूट कुणाचं आणि अंग कुणाचं, तेही या बाईला कळत होतं.

टेम्पोवर त्या जरा थांबल्या. त्याचं एक चाक निघालं होतं. "असू दे," त्या म्हणाल्या, "मालकांच्या टेम्पोचंबी एक चाक कायम पंक्चरच असायचं." तो त्यांनी स्वतःच्या हातानं चाचपत फांदीला लावला.

डबा रिकामा झाला. सौरव दारावर कागदी आकाशकंदील टांगायला शिडी घेऊन बाहेर गेला. जयाबाई म्हणाल्या, "नीलम, माळ्यावरचा पुडा दे."

तिनं पुडा सासूच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसली. पळून जावं असं तिला फार वाटलं. जयाबाईंची बोटं गाठीवर आली आणि थबकली. मग त्यांनी गाठ सोडली. वरचं पान त्यांनी दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. नवं पान होतं. भुकटी बाजूला सारत सारत बोटं आत गेली आणि चांदणी बाहेर आली.

अंगठा मधल्या दोऱ्यावर फिरला आणि अडला. पुन्हा फिरला, पुन्हा अडला. जयाबाईंनी दोन्ही हातांत चांदणी धरली आणि त्या अंगठा फिरवतच राहिल्या, एकाच जागी, वेढ्यावर वेढा.

"ही कुनी केली?"

नीलमनं काय काय ठरवून ठेवलं होतं ते सगळं बाजूला राहिलं. "म्या केली, आत्ती. म्या पुडा भिजवला. मला ठाऊक न्हवतं त्यात काय हाय, चुलीपाशीचा सांगितला हुता आनी म्या माळ्यावरचाबी काढला. वरवंटा ठेवला वर. सगळा लगदा झाला. शामूदादाचं एवढंच हुतं आनी तेबी म्या..."

जयाबाई ते ऐकतच नव्हत्या.

"कुठल्या हातानं केलीस?"

संपलं, असं नीलमला वाटलं. वस्तू मोडली ते एक वेळ चालेल, पण डाव्या हाताचा हिशोब आज चुकता होणार. ती खाली मान घालून म्हणाली, "डाव्या. उजव्यानं लई केलं बघा, आत्ती, दोन दिवस केलं. जमलंच न्हाय."

जयाबाईंनी हात पुढं केला, हवेत शोधला आणि नीलमचा डावा हात धरला. तिच्या बोटांवर दोऱ्यानं पडलेल्या चिरा त्या अंगठ्यानं चाचपत राहिल्या.

"शामू डावरा हुता," त्या म्हणाल्या.

बाहेर सौरव शिडीवरून कुणाला तरी वायर धरायला सांगत होता. जयाबाईंनी आवाज आणखी खाली आणला.

"त्येनं केलेली चांदणी दुसऱ्याच वर्सी गेली. कीड लागली. डबा उघडला तर नुसतं पीठ. मी काय करनार? सौरव बारका, मालक गप्प गप्प ऱ्हायचं. मी दुसरी केली आनी कुनाला सांगितलं न्हाय. ती गेली की तिसरी. तवापास्नं मीच करत आलो, बावीस वर्सं. तू भिजवलीस ती गेल्या साली केलेली. पर त्येचा पीळ मला कंदी जमला न्हाय. डाव्या हातानं करून बघितलं, उलटं बसून बघितलं. माजा दोरा आपला वरच चढतोय. दरसाल फांदीला लावायचो आनी भ्या वाटायचं, कुनीतरी हात लावंल आनी म्हनंल, जयाबाई, ही शामूची न्हवं. म्हणून तर सौरवला हात लावू देत न्हवतो."

दोन दिवस नीलम ज्या भीतीत होती, त्याच भीतीत ही बाई बावीस नाताळ काढत आली होती.

"मग मला वाटायचं," नीलम कशीबशी म्हणाली, "भाकरीच्या वक्ताला तुमी उठून जायचा. मला वाटायचं माजा हात तुमाला..."

"त्योबी असाच थापायचा गं. माती घेऊन बसायचा माज्याजवळ आनी डाव्या हातानं भाकऱ्या करायचा मातीच्या. तुजा हात बघितला की मला बसवायचं न्हाय." जयाबाईंनी पट्टी नसलेला डोळा पदरानं टिपला. "तुला सांगायला पायजे हुतं. न्हाय सांगितलं."

सौरव आत आला, हातात वायरीचं भेंडोळं. "काय गं, अजून लावली न्हाय शामूदादाची? उपासनेला उशीर हुतोय."

जयाबाई उठल्या. नीलमच्या खांद्याला धरून त्या फांदीपाशी गेल्या आणि टोक शोधून त्यांनी चांदणी बांधली. बांधून झाल्यावरही अंगठा एकदा मधल्या दोऱ्यावरून गेला.

"लावली," त्या म्हणाल्या. "ह्या वर्साला लावली."

"दरसाल लावतीसच की," सौरव म्हणाला आणि बटण शोधायला लागला.

जयाबाईंनी पुन्हा नीलमचा हात हातात घेतला आणि तो धरूनच त्या दाराकडं निघाल्या.

"परवा पट्टी निघंल म्हणालाय डाक्टर," त्या तिला म्हणाल्या. "निघाली की भाकरी माज्याम्होरं थाप. मी उठून जानार न्हाय. बघायची हाय मला."